पाळणाघरातले रेडिओग्राम

मागच्या वर्षापर्यंत आमच्या हॉलमध्ये आठ रेडिओग्राम होते आणि त्यांतला एकही माझा नव्हता. हे मी इतक्या लोकांना सांगितलं आहे की सांगताना आता माझा आवाज आपोआप चढतो. कुणी पहिल्यांदा घरी आलं की दारातच थबकतं आणि कौतुकाने विचारतं, "वा, तुमचा संग्रह का?" मी तोंड उघडायच्या आत नवरा आतून ओरडतो, "तिचा नाही हो. ती फक्त पुसते." तो पुण्याचा आहे, असली वाक्यं तो तयारच ठेवतो. चीड येते ती एवढ्याचसाठी की ते खरं आहे.

रेडिओग्राम आता फारसा कुणी पाहिलेला नसतो, म्हणून सांगते. रेडिओ आणि ग्रामोफोन एकाच लाकडी कपाटात बसवलेलं, कमरेएवढं उंच, दोन माणसांनी धापा टाकत उचलायचं असं ते धूड. वरचं झाकण उघडलं की तबकडी फिरते, पुढची दारं उघडली की रेडिओची काच आणि बटणं, खाली रेकॉर्डी ठेवायचा कप्पा आणि कापडामागे दडलेला स्पीकर. मागच्या पुठ्ठ्याला भोकं असतात. त्यांतून आतले काचेचे व्हॉल्व्ह नारिंगी दिसतात. माझं सगळं वेड त्या भोकांतून सुरू झालं.

वेड आहे हे मी नाकारत नाही. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, सोल्डरिंगचं मला कधी भय वाटलं नाही. निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, मी फुगलेले कंडेन्सर बदलायला लागले. असल्या वस्तू जमवणारे जगभर असतात. ते विकत घेतात, विकतात, एकमेकांशी अदलाबदल करतात, त्यांचं सरळ असतं. माझ्या नशिबी आमचे नातेवाईक होते.

तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे येऊन बंगळुरी झालेली आमची मराठी घरं. मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं, पण काही गोष्टींत कमालीची हट्टी. वडिलांची वस्तू विकायची नाही, हा त्यातला एक हट्ट. विकायची नाही, भंगारात द्यायची नाही, कुणाला देऊनही टाकायची नाही. इथपर्यंत ठीक. पण घरं पाडून फ्लॅट झाले आणि फ्लॅटमध्ये ते धूड मावेना. मग कुणाला तरी आठवलं की जयनगरात आपली एक बहीण आहे, तिचा हॉल मोठा आहे आणि तिला या गोष्टींची आवड आहे. फोन यायचा, "अक्का, विकायचा नाही हं. द्यायचाही नाही. अप्पांचा आहे. तुझ्याकडे स्वल्प दिवस राहू दे." की दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. स्वल्प दिवस म्हणजे किती हे आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही.

नवऱ्याने हॉलचं नाव पाळणाघर ठेवलं. "फरक इतकाच," तो म्हणतो, "पाळणाघरात संध्याकाळी मुलं परत नेतात."

नेत नाहीत, पण भेटायला येतात. आणि आले की तक्रारी. "केवढा काळवंडलाय गं हा!" "आमच्याकडे असताना चकाकायचा." तुमच्याकडे असताना त्याच्यावर मिक्सर ठेवलेला होता आणि आत उंदराने घर केलं होतं, हे माझ्या ओठांवर येतं. मी कॉफी विचारते.

सगळ्यांत वाईट दिवस आयुधपूजेचा. त्या दिवशी सगळं बंगळूर आपापल्या यंत्रांना हळदकुंकू लावतं. रिक्षाला केळीचे खुंट बांधतात, कॉम्प्युटरला हार घालतात. आमचे लोकही सकाळपासून येतात, आपापल्या वडिलांच्या रेडिओग्रामची पूजा करायला. एकदा एका चुलतभावाने नव्या मोटारीला ठेवतात तशी रेडिओग्रामच्या चारही पायांखाली लिंबं ठेवली. रस लाकडात मुरला, मुंग्या आठवडाभर हॉलमध्ये रांगेत चालत होत्या. एका मामेबहिणीने झाकणावर कापूर पेटवला. त्याचा पांढरा डाग मी अजून लपवते आहे. आणि कुंकू! सगळ्यांना कुंकू लावायला नेमकी स्पीकरच्या कापडाचीच जागा सापडते. ते कापड मी चिकपेटेत गल्ल्या पालथ्या घालून, दुकानदारांना "साडीचं नको, पडद्याचं नको, फुंकर मारली तर आरपार गेली पाहिजे" असं सांगून वेड्यात निघून आणलेलं असतं. त्याला कुंकू लागलं की ते जन्मात निघत नाही. मी दर वर्षी ओरडते. दर वर्षी उत्तर एकच, "जाऊ दे ना अक्का, शुभ असतं."

पण खरं दुखणं वेगळं आहे. त्या दिवशी आयुधांना विश्रांती, म्हणून कुणी यंत्र चालू करत नाही. म्हणजे वर्षभर मी मरमर करून ते वाजतं करायचं आणि मालक नेमके त्या दिवशी येणार ज्या दिवशी ते वाजवायचं नसतं. आठ रेडिओग्राम. त्यांच्या मालकांपैकी एकानेही आपला रेडिओग्राम माझ्या घरी वाजताना ऐकलेला नव्हता. लावा म्हणून कुणी म्हणायचंही नाही. हार घातला, कॉफी घेतली, निघाले.

या आठांत एक माझ्या थोरल्या काकांचा होता. सगळ्यांत जुना, महायुद्धाच्या आधीचा, विलायतेहून बोटीने आलेला. काकांच्या घरी तो कोपऱ्यात असायचा आणि बंद असायचा. आम्हा मुलांना कळायला लागलं तेव्हापासून तो बंदच होता. काकांनी तो कधी दुरुस्तही करून घेतला नाही. पण बसायचे त्याच्याच शेजारी, आणि कॉफीचा पेला झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर. तिथे पेल्याचं एक गोल वळं उठलेलं होतं. मी मागे जाऊन पुठ्ठ्याच्या भोकांना डोळा लावायची. आत अंधार असायचा. मला वाटायचं, एकदा हे पेटलेलं बघायला मिळालं पाहिजे.

काका गेल्यावर काही वर्षांनी तो त्यांच्या मुलाने, अण्णाने, माझ्याकडे आणून सोडला. अण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. वाक्य तेच: विकायचा नाही, द्यायचा नाही. मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं, पण मनात म्हटलं, हा माझा. त्याच्यासाठी मी तीन वर्षं खपले. वायरींचं रबर बोट लावलं की गळून पडायचं, ती एकेक वायर बदलली. पॉलिशवाला झाकण घासून नवं करायला निघाला होता, पेल्याच्या वळ्यासकट. त्याच्याशी मी भांडले. वळ्यासाठी नव्हे. जुनं लाखेचं पॉलिश घासायचं नसतं म्हणून. शेवटी एका दुपारी ते व्हॉल्व्ह नारिंगी झाले आणि कापडामागून एक जाड, उबदार घरघर आली आणि त्या घरघरीतून एक माणूस कन्नडमध्ये शेतीच्या बातम्या वाचू लागला. मी जमिनीवर बसून रडले. नवरा दारात येऊन उभा राहिला, मग आत येऊन माझ्या शेजारी जमिनीवरच बसला.

बाकीचे सात उद्या कुणी नेले असते तर मी टेम्पोवाल्याला पेढे दिले असते. हा मात्र जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

आणि गेल्या उन्हाळ्यात अण्णाचा फोन आला. अण्णा आता व्हाइटफील्डला मुलाकडे राहतो. मुलाने नवा फ्लॅट घेतला होता, आतलं सगळं काम डिझायनरला दिलं होतं.

"अगं, तो अप्पांचा रेडिओग्राम," अण्णा म्हणाला. "तो आता न्यायचा म्हणतो."

"सरी," मी म्हटलं. "हॉलमध्ये ठेवणार?"

"हॉलमध्येच. बार करणार आहेत त्याचा."

"काय करणार?"

"बार. बाटल्या ठेवायला. आत दिवे लावणार, ब्लूटूथ का काय तो स्पीकर बसवणार. बाहेरचं खोकं तेवढं लागणार म्हणे. आतलं सगळं तूच ठेव."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून मी त्या संध्याकाळी नवऱ्याला तेच तेच दहा वेळा ऐकवलं. आतलं तूच ठेव! माणसाला सोलून कातडं न्यायचं आणि वर म्हणायचं, आतडी तुला घे! नवरा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "लहानपणी तुला आतलंच हवं होतं ना?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

चिडण्याचं कारण त्यालाही माहीत होतं. स्पीकर खोक्यातून काढला की त्याचा आवाज डब्यातल्या माशीसारखा होतो. तो जाड आवाज लाकडाचा असतो. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आहे. अर्धं त्यांना आणि अर्धं मला, अशी वाटणी केली की दोन्ही घरांत काहीच उरत नाही. पण सांगणार कुणाला, आणि कुठल्या हक्काने?

एका रविवारी अण्णा, त्याची सून आणि डिझायनर मापं घ्यायला आले. सून मुंबईची, चांगली आहे, पण एका वाक्यात तीन वेळा 'बेसिकली' म्हणते. डिझायनर झाकणावर टिचक्या मारत म्हणाला, "आंटीजी, शेल बहुत ब्यूटिफुल है." शेल! मी दात आवळून हसले. त्याने दारं उघडली, रेडिओच्या काचेवर टेप धरला आणि म्हणाला, हे निघालं की इथे सहा बाटल्या आरामात. सून म्हणाली, "आत्या, बेसिकली आतलं चालतच नसेल ना?"

"चालतं," मी म्हटलं. "ऐकायचंय?"

"नको नको, आता घाई आहे."

मी कॉफी करायला आत गेले, कारण आणखी थांबले असते तर टेप हिसकावून घेतला असता. कॉफी आणून दिली. डिझायनर आणि सून टेम्पोवाल्याशी फोनवर बोलायला व्हरांड्यात गेले. अण्णा रेडिओग्रामशेजारी उभा होता. त्याने दोन घोट घेतले आणि पेला झाकणावर ठेवला.

माझ्या घरात झाकणांवर काहीही ठेवायचं नाही, हा एकच नियम आहे. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि बघितलं, तर पेला बरोबर त्या वळ्यावर होता. उजव्या कोपऱ्यात. त्याने बघितलंही नव्हतं, हात आपोआप तिथे गेला होता.

"अण्णा," मी म्हटलं, "तुला याचा बार झालेला चालेल?"

त्याने पेला फिरवून पुन्हा वळ्यावर नीट बसवला. व्हरांड्याकडे एकदा पाहिलं.

"तिथं माझं काही नाही गं," तो हळूच म्हणाला. "सगळं नवीन. कपाट भिंतीतच. माझी आरामखुर्ची रंगात बसेना म्हणून मुलाच्या दोस्ताच्या गोडाऊनला गेली, होसकोटेला. हे बार म्हणून आलं तर येईल. अप्पांचं म्हणून आलं तर जागा नाही म्हणतात."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण आता रागावताही येईना. इतके दिवस मी मनातल्या मनात जी भाषणं तयार केली होती ती सगळी फुकट गेली. या माणसाला रेडिओ नको होता, आवाज नको होता. त्याने तो कधी ऐकलाच नव्हता. त्याला पेला ठेवायला जागा हवी होती. आणि ती मिळवायला आतड्यांचा सौदा करून बसला होता. मला त्याच्यासमोर बसकण मारून रडावंसं वाटलं आणि त्याच्या सुनेला दोन शब्द सुनावावेसे वाटले. दोन्ही केलं नाही. मी व्हरांड्यात गेले आणि वर्गात बोलायची तशी बोलले.

"हे बघ," मी सुनेला म्हटलं. "आतलं काढायचं नाही. फोनवरची गाणी यातूनच वाजतील, मी करून देते. बाटल्या खाली रेकॉर्डींच्या कप्प्यात. दिवा हवा तर एक पिवळा लाव, निळा नको. आणि हे जसं आहे तसं जाणार नसेल, तर जाणार नाही."

शेवटचं वाक्य बोलायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. पण चाळीस वर्षं मुलांना गप्प बसवल्याचा काही उपयोग असतो. सून गोंधळून माझ्यामागून बाहेर आलेल्या अण्णाकडे बघू लागली. अण्णा चपला शोधण्यात मग्न झाला.

ग्रामोफोनच्या सुईकडून ज्या वायरी आत जातात त्यांवर फोनचा आवाज सोडता येतो. काम तसं सोपं आहे, पण मी ते करताना स्वतःवरच वैतागत होते. ज्या यंत्रातली एकेक वायर मी जीव लावून बदलली, त्यात मीच आपल्या हाताने ब्लूटूथ घालत होते. रेकॉर्डींचा कप्पा पुसून बाटल्यांसाठी मोकळा केला तेव्हा नवरा म्हणाला, "पाळणाघराच्या संस्थापिकेनेच बारला परवाना दिला म्हणायचा." यावेळी मी हसले, पण डोळे पुसतच.

टेम्पोबरोबर मी गेले. व्हाइटफील्डला पोचायला जितका वेळ लागला तेवढाच गेटवर गेला, कारण सोसायटीच्या अ‍ॅपमध्ये फर्निचर की इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी एकच निवडायचं होतं. रखवालदार म्हणाला, दोन्ही असेल तर दोन पास लागतील. मी म्हटलं, "एक कर रे बाबा, याचे दोन करू नयेत म्हणून तर एवढा आटापिटा चाललाय." त्याला काही कळलं नाही. लिफ्टमध्ये रेडिओग्राम जेमतेम मावला. घरी लावून दिला, सुनेच्या फोनवरचं गाणं त्यातून सोडलं. ती हातातलं काम टाकून जवळ आली आणि "आत्या, हे बेसिकली..." एवढं बोलून तिने तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. तेवढं मला पुरलं.

आमच्या हॉलमध्ये एक चौकोन रिकामा राहिला. तिथली फरशी इतर फरशीपेक्षा फिकी होती. महिन्याच्या आत एका आतेभावाचा फोन आला की अक्का, तुझ्याकडे जागा झालीय असं ऐकलं.

यंदाच्या आयुधपूजेला सकाळी सगळ्यांचं हळदकुंकू, लिंबं, कापूर सोसून झालं आणि दुपारी मी शेवंतीची वेणी पिशवीत घालून मेट्रोत बसले. निघताना नवरा म्हणाला, "आता तू निघालीस होय भेटायला?" मॅजेस्टिकला गाडी बदलली. सगळा डबा हारांच्या वासाने भरलेला होता.

सुनेने दार उघडलं. रेडिओग्राम हॉलच्या कोपऱ्यात होता. मी आधी धूळ बघितली. होती. दाराच्या कडीवर बोटांचे ठसे होते. "जरा पुसत जा गं याला," मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. झाकणावर उजव्या कोपऱ्यात कॉफीचा पेला होता आणि शेजारी, रंगात न बसणारी, अण्णाची आरामखुर्ची.

"खुर्ची परत आली?" मी विचारलं.

"हा आला ना, म्हणून आली," अण्णा म्हणाला. "उभ्याने कोण ऐकणार?"

"ऐकतोस?"

"दुपारी कुणी नसतं. तेव्हा लावतो. फोनबीन नाही, रेडिओ." तो जरा ओशाळला. "लागत काही नाही गं. सगळ्या इमारतीच्या चार्जरांची नुसती घरघर. पण लावतो. अप्पांनी कधी लावला नाही आमच्यासमोर. असा होता होय याचा आवाज."

आज ऐकव, असं म्हणायची माझी फार इच्छा होती. पण आज त्याची विश्रांती. आठांपैकी एका मालकाने आपला रेडिओग्राम ऐकला होता आणि मला तो ऐकताना बघायला मिळणार नव्हता. मी वेणी काढली, झाकणाला बांधली. कुंकवाची डबी उघडली, आणि कुठे लावावं म्हणून बघू लागले. लाकडाला लावलं तर पॉलिशला डाग, काचेला लावलं तर स्टेशनांची नावं पुसायची. हात आपोआप खाली गेला.

"आत्या, कापडाला नको ना प्लीज!" सून किचनमधून धावत आली. "तो डाग निघत नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि लावलं.